दहा कोटी एक

माझ्या आईला आकड्यांचा राग होता. शत्रुत्व म्हणावं असा नव्हे. घरातल्या पुरुषाला काही ना काही व्यसन असणारच, ते दारूचं नाही एवढं आपलं नशीब, असं मानून बाई जसं सोसते, तसा. बाबा पुसदच्या एका शाळेत गणित शिकवायचे. शाळेतून आले, सायकल भिंतीला टेकवली, न्हाणीत पाय धुतले आणि पाटावर बसले, की पहिला घास तोंडात जायच्या आत त्यांचा प्रश्न यायचा. "शीले, सदुसष्टचा वर्ग?" मी भाकर मोडता मोडता म्हणायची, "चार हजार चारशे एकोणनव्वद." "त्र्याऐंशीचा?" "सहा हजार आठशे एकोणनव्वद." आई तव्यावरून मान न वळवता म्हणायची, "पोरीले जेवू द्या ना बाप्पा. वर्गानं पोट भरते काय?" बाबा हसायचे आणि आपल्या ताटातली पातोडी माझ्या ताटात टाकायचे. बक्षीस म्हणून. मी एकुलती एक होते, त्यामुळे ती पातोडी, तो प्रश्न आणि ते हसू ह्यांत कोणी वाटेकरी असू शकतो हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

मग निमा आली. निमा माझ्या आत्याची मुलगी, माझ्याच वयाची, महागाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. तिथली शाळा दहावीला संपत होती, म्हणून अकरावीला तिला आमच्याकडे ठेवायचं ठरलं. आत्या तिला घेऊन आली ती पत्र्याची पेटी, तुरीच्या डाळीचं गाठोडं आणि पुष्कळशा सूचना घेऊन. "हे पोट्टी बोलत नाही जास्त," आत्या आईला म्हणाली, "पण ऐकते सगळं. तिले कामाले लावजा वहिनी." निमा दाराच्या चौकटीत उभी होती. उंच, हाडकुळी, केसांना इतकं तेल की उन्हात डोकं चमकत होतं. मला ती पाहताक्षणी आवडली, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. पुढचं सगळं वाचताना कोणाला वाटेल की मी पहिल्यापासून तिच्यावर डूख धरून होते. तसं नव्हतं. पहिले काही महिने आम्ही एका अंथरुणावर झोपत होतो, एकमेकींच्या वेण्या घालत होतो, आणि ती रोज माझ्या आधी उठून माझ्याही वाट्याचं पाणी भरून ठेवायची.

जेवताना बाबा तिलाही प्रश्न घालू लागले. तिला काही येत नसे. सदुसष्टचा वर्ग विचारला तर ती घास हातात धरून बसून राहायची, तोवर मी उत्तर देऊन मोकळी. एकोणीसचा पाढासुद्धा तिला धड येत नव्हता, तेराच्या पाढ्यावरच अडायची. मला तिची दया यायची. रात्री मी तिला समजावून सांगायची, "अवो, साठचा वर्ग छत्तीसशे, मग साठ साते दुणे…" ती शांतपणे ऐकायची आणि म्हणायची, "तुले कसं लक्षात राह्यते वं शीला?" हे ऐकून मला किती बरं वाटायचं! दया करायला एक माणूस घरात असावं ह्यासारखं सुख नाही.

उन्हाळा लागला. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. खिडकीला वाळ्याचा कूलर घरघरत असायचा, त्यात पाणी घालायची पाळी आमची. मागच्या गल्लीत सलीमभाईंचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. तिथली हातोडी दुपारभर चालायची आणि फक्त अजान झाली की थांबायची. आमच्या घरामागे शहाबादी फरशीचं अंगण होतं, त्यावर कडुलिंबाची सावली. बाबा शाळेतून खडूचे तुकडे खिशात घालून आणायचे आणि आम्ही त्या फरशीवर गणितं करायचो. आईला तीच फरशी कुरड्या घालायला हवी असायची. पहाटे उठून ती गव्हाचा चीक शिजवायची. तो गरम चीक वाटीत घेऊन, वर तूप-साखर घालून खाण्यासाठी आम्ही दोघी तोंड न धुताच चुलीपाशी जाऊन बसायचो. मग ती अंगणात यायची आणि पाहायची तर सगळी फरशी आकड्यांनी भरलेली. "आता हे कोण पुसन? तुमचा बाप?" असं म्हणत ती बादलीभर पाणी ओतायची आणि आमचे आकडे मोरीकडे वाहत जायचे.

एका संध्याकाळी मी बाबांसमोर तोरा मिरवत होते. मला कळलं होतं की एक हजार एक ही संख्या सात, अकरा आणि तेरा यांच्या गुणाकारातून होते. बाबा म्हणाले, "बरं. हजाराच्या पुढं एक लावलं त फुटते. दहा कोटीच्या पुढं एक लावा. फुटते काय, पाहा." त्यांनी खडूने फरशीवर लिहिलं : १०,००,००,००१. दोन्ही टोकांना एक आणि मध्ये सगळी शून्यं. दोन काठ आणि मध्ये कोरडी नदी. मला तो आकडा पाहूनच चेव आला. तीनने जात नाही, सातने जात नाही, अकराने, तेराने जात नाही. आणि सतराने? सतराने तो निःशेष गेला! मी ओरडलेच. सतरा गुणिले अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न. बाबांनी पाठीवर थाप मारली. निमा तिथेच बसली होती. तिने अजून एकही भागाकार केला नव्हता, नुसती त्या शून्यांकडे पाहत होती.

"आता खरं काम," बाबा म्हणाले. "हे जे उरलं, अठ्ठावन्न लाखवालं, हे फुटते का नाही ते सांगा. सुट्टी हाय, ऊन हाय, खडू हाय."

एखादी संख्या फुटत नाही हे दाखवायचं तर तिला लहान लहान मूळ संख्यांनी भागत जावं लागतं. आमच्या या संख्येसाठी तिच्या वर्गमुळाच्या, म्हणजे चोवीसशे पंचवीसच्या, पुढे जायचं कारण नव्हतं, पण तिथवरच्या मूळ संख्याही साडेतीनशेच्या आसपास. मला त्याची भीती नव्हती. मी पदर खोचल्यासारखी ओढणी खोचली आणि सुरू झाले. एकोणीस, तेवीस, एकोणतीस. रोज दुपारी सावलीत बसून फरशीच्या फरशी भरायची. शेजारच्या कोपऱ्यात निमा पोटावर पडून भलतंच काहीतरी करत असायची. एक भागिले सात. एक भागिले तेरा. एक भागिले सतरा. दशांशात उत्तर काढत जायची, अंक पुन्हा फिरून पहिल्यासारखे येऊ लागले की थांबायची आणि ते अंक गोल लिहायची, बांगडीसारखे. मी बाबांना हळूच म्हटलं, "निमा खेळून राह्यली." बाबा म्हणाले, "खेळू दे."

मी चारशेच्या घरात पोचले होते तेव्हाची गोष्ट. बाबा पन्ह्याचा पेला घेऊन अंगणात उभे होते. निमा उठून बसली, कोपराला लागलेला खडू झटकला आणि मला म्हणाली, "शीला, एवढ्या सगळ्यांनं कायले भागतं? सोळाचा पाढा म्हण आन् एक मिळव. तेवढ्यांनंच भाग."

"काहून?" मी म्हटलं.

तिने बांगड्या दाखवल्या. सातची बांगडी सहा अंकांची. तेराचीही सहाची. अकराची दोनच अंकांची, सदतीसची तीनची. "मूळ संख्येतून एक वजा केलं," ती म्हणाली, "की जे उरते, त्याच्यात तिची बांगडी पुरी बसते. सहात सहा. बारात सहा. दहात दोन. छत्तिसात तीन. आन् जे संख्या आपल्या दहा कोटी एकले भागते ना, तिची बांगडी सोळाचीच असते, कमी नाही, जास्त नाही. सतराची पाह्य, सोळा हाय. म्हणजे एक वजा केल्यावर सोळाच्या पाढ्यात असन, तेच चालन. बाकीच्यांची मेहनत फुकट."

मी पाहत राहिले. पाढ्यांत तेराला अडणारी मुलगी! बाबांनी पेला कठड्यावर ठेवला. ते तिच्याजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "निमा, सोळाचीच काहून असते, ते सांग पुन्हा." त्यांचा आवाज बदलला होता. मला जो आवाज मिळायचा तो लाडाचा होता, कौतुकाचा, माकडाने कोलांटी मारल्यावर येतो तसा. हा वेगळा होता. हळू, जरा घाबरलेला, देवळात बोलतात तसा. तिने पुन्हा सांगितलं. दहा कोटीच्या आठ शून्यांनी अर्धी फेरी होते आणि पुढच्या आठांनी उरलेली अर्धी, असं काहीसं. बाबा मान हलवत होते.

सोळाच्या पाढ्यात एक मिळवला की पहिल्या मूळ संख्या येतात त्या सतरा, सत्त्याण्णव, एकशे तेरा, एकशे त्र्याण्णव अशा. सगळ्या मिळून चाळीसेक. निमाने त्या सावकाश, चुका करत, पुन्हा पुन्हा तपासत संपवल्या. एकीनेही भाग गेला नाही. संख्या मूळ होती. बाबांनी तिला सायकलवर बसवून हेडमास्तरांच्या घरी नेलं. मला पुढच्या दांड्यावर बसायला जागा होती, पण मला कोणी चल म्हटलं नाही.

त्यानंतरचा उन्हाळा मी जळण्यात काढला. दुसरा शब्द नाही. आईने निमाच्या भाकरीवर तुपाचा गोळा ठेवला की मी माझ्या भाकरीवरचा गोळा डोळ्यांनी मोजायची. बाबा तिला 'निमा' म्हणत आणि मला 'शीले'. आधी मला 'शीले'मध्ये माया दिसायची, आता लहान मुलीला हाक मारल्यासारखं वाटू लागलं. ती झोपेत तोंड उघडं ठेवते, ती चहा फुरके मारत पिते, तिच्या ओढणीला खडूचा वास येतो, हे सगळं मला एकाएकी दिसायला लागलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती माझ्याशी पूर्वीसारखीच वागत होती. पाणी भरून ठेवत होती. तिला आपण जिंकलो हेसुद्धा कळलं नव्हतं. जिंकणाऱ्याला कळत तरी असावं!

मी एक काम मात्र सोडलं नाही. जिथे थांबले होते तिथून मी भागाकार पुढे चालू ठेवले. चारशे नऊ, चारशे एकोणीस, चारशे एकवीस. निमाने फुकट ठरवलेल्या सगळ्या संख्या मी एकेक करून लावत होते. मला ती संख्या फुटायला हवी होती. निमाची बांगडी कुठेतरी तुटावी, एखादी आडदांड संख्या भलत्याच पाढ्यातून येऊन त्या अठ्ठावन्न लाखाचे दोन तुकडे करावेत, आणि मी बाबांना म्हणावं, पाहा. आई म्हणायची, "ते झालं म्हणते ना निमा? मग तू काय करून राह्यली उन्हात?" मी म्हणायची, "माह्यं सुरू हाय." तो आकडा मी इतक्या वेळा लिहिला की हात आपोआप वळायचा. आज इतक्या वर्षांनी मला नातेवाइकांचे फोन नंबर आठवत नाहीत, पण तो आठवतो. मोबाइलमध्ये एका क्षणात तपासता येईल असा आकडा मी हातांनी, गुडघ्यांनी, मानेवरच्या घामोळ्यांनी ओळखत होते. आणि तो फुटत नव्हता. बाराशे झाले, चौदाशे झाले.

एका दुपारी मी वैतागून खडू टाकून बसले होते. पुढ्यात तो आकडा मोठा लिहिलेला होता, आणि लिहिताना मध्ये दोन फरश्यांचा सांधा आला होता. त्यामुळे ५८८ एका फरशीवर आणि २३५३ दुसरीवर, असा तो दिसत होता. मला दुसरं काही येत नसेल, पण वर्ग येत होते. चाळा म्हणून मी पहिल्या फरशीवरच्याचा वर्ग केला : तीन लाख पंचेचाळीस हजार सातशे चव्वेचाळीस. दुसऱ्या फरशीवरच्याचा वर्ग केला : पंचावन्न लाख छत्तीस हजार सहाशे नऊ. चाळा म्हणूनच बेरीज केली.

बेरीज आली अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न.

मी पुन्हा केली. पुन्हा तेच. संख्या मधोमध मोडली, दोन्ही तुकड्यांचे वर्ग केले, जोडले, तर तीच संख्या परत उभी! सलीमभाईंची हातोडी चालू होती, कूलर चालू होता, आणि माझ्या अंगावर काटा आला होता. मी तो आकडा पुसला. मला तो संध्याकाळपर्यंत एकटीजवळ ठेवायचा होता. आई म्हणाली, "काहून हासून राह्यली वं?" मी म्हटलं, "काही नाही." कणीक मळताना हसत होते, दिवा लावताना हसत होते.

जेवायला बसल्यावर सांगितलं. बाबा उष्ट्या हाताने उठले आणि कोळशाने भिंतीवरच वर्ग करून पाहिले. आई "भिंत! भिंत!" म्हणून ओरडली. बाबा मागे सरले, भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मोठ्याने हसले. "शीले! हे कुठून काढलं बाई तू?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो तसाच राहू दिला. एवढ्या दिवसांनी मला माझी जागा परत मिळाली. मग ते वळले आणि म्हणाले, "निमा, पाहून घे, शीलानं काय काढलं."

निमा भिंतीजवळ गेली. पुष्कळ वेळ उभी राहिली. "असं कसं होते?" एवढंच ती म्हणाली आणि जेवण तसंच टाकून अंगणात गेली.

सकाळी आम्ही चीक खात होतो तेव्हा ती बोलली. "शीलाचं मले समजलं," ती म्हणाली. "दहा कोटी एक म्हणजे दहा हजाराचा वर्ग आन् एकाचा वर्ग. सतरा म्हणजे चाराचा वर्ग आन् एकाचा. दोन वर्गांच्या बेरजेले दोन वर्गांच्या बेरजेनं भागलं, त इथं दोन वर्गांचीच बेरीज उरते. दहा हजाराले चारानं गुणा, एक मिळवा. चाळीस हजार एक. सतरानं भागा, तेवीसशे त्रेपन्न. दहा हजारातून चार काढा, सतरानं भागा, पाचशे अठ्ठ्याऐंशी. ते होणारच होतं मामा. होणारच होतं." आणि बाबांचा तो आवाज पुन्हा आला. देवळातला. ते पुढे झुकले, त्यांची वाटी तशीच राहिली, तूप गोठलं. निमा दोनदा म्हणाली, "हे शीलाचं हाय, मी फक्त काहून ते पाह्यलं." पण 'होणारच होतं' म्हटल्यावर माझं काय उरलं? मला वाटत होतं रानात मोर दिसला. तिने दाखवून दिलं की तो पाळलेला होता.

थोड्याच दिवसांनी नागपूरचं निघालं. तिथल्या एका कॉलेजातल्या प्राध्यापक बाई सुट्टीत निवडक मुलामुलींना वसतिगृहात ठेवून गणित शिकवत, आणि एखादं पोर आवडलं तर त्याच्या पुढच्या शिक्षणाचंही पाहत. बाबांनी त्यांना निमाबद्दल कळवलं होतं. पाठवा, असा निरोप आला. निमाचे वडील महागावहून आले, चहा घेतला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "एकली नाही पाठवत मी. शीला जात असन त जाऊ द्या." बाबांना बोर्डाचे पेपर तपासायचे होते. ते माझ्याकडे वळले. "शीले, तू जाय तिच्या सोबतीले."

सोबतीले! मी 'हो' म्हटलं. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

एसटीत निमा खिडकीशी बसली आणि तिला गाडी लागली. मी तिला लिंबू हुंगायला देत, पाठ चोळत नागपूरला नेलं. आईने दिलेल्या दशम्या आणि ठेचा मीच संपवला. कॉलेजच्या व्हरांड्यात मी आमच्या दोन पिशव्या राखत बसले आणि ती आत गेली. थोड्या वेळाने शिपायाने मला बोलावलं. बाई पांढऱ्या केसांच्या, लहानखुऱ्या, पायांत कॅनव्हासचे बूट. त्या म्हणाल्या, "ही सांगते की संख्या मोडून वर्ग करायचं तुला सुचलं. कसं सुचलं?"

मी काहीतरी मोठं सांगू शकले असते, पण तेवढ्या वेळात काही सुचलं नाही. "फरशीचा सांधा मधात आला होता," मी म्हटलं.

बाई खळखळून हसल्या. वाईट अर्थाने नव्हे. "नशीबवान आहेस! आलीच आहेस तर तूही निवडीचा पेपर दे."

मी दिला. सगळं लिहिलं, जागा उरली नाही इतकं. दुसऱ्या दिवशी तपासलेले गठ्ठे देऊन बाबा मला न्यायला आले तेव्हा नावं लागली होती. निमाचं होतं. माझं नव्हतं. बाईंनी मला जवळ बोलावून म्हटलं, "तुझी आकडेमोड फार स्वच्छ आहे, एकही चूक नाही." मी मान हलवली. वसतिगृहात आणखी मुली होत्या, तेव्हा निमाला सोबतीची गरज राहिली नव्हती. तिने फाटकापर्यंत येऊन माझा हात धरला. "तू असती त बरं वाटलं असतं वं." मला ठाऊक होतं की हे ती मनापासून म्हणतेय. त्यामुळे जास्तच लागलं.

परतीच्या वाटेवर वर्ध्यापर्यंत बाबा निमाबद्दलच बोलत होते. ती इथे काय शिकेल, बाई कशा नावाजलेल्या आहेत, आत्याला किती आनंद होईल. यवतमाळला गाडी बदलायची होती. स्टँडवर ऊन मी म्हणत होतं. बाबांनी बाकावर फडकं झटकलं, दोन कप चहा आणि गरम आलूबोंडे आणले. मी बोंडा हातात घेतला आणि मला खाता येईना. मी म्हटलं, "बाबा, निमा तुम्हाले माह्यापेक्षा आवडते. मले माहीत हाय."

बाबांनी चहा बशीत ओतला, तो प्यालाच नाही, आणि मग समोरच्या गाड्यांकडे पाहत म्हणाले, "आवडते? अवो, ते पोरगी बोलते तवा माह्या पोटात आग पडते."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"बांगडी कितीत पुरी बसते तो नियम मले कॉलेजात पाठ होता," ते म्हणाले. "परीक्षेत लिहून आलतो मी. दहा कोटी एकही मीच आणलं. आन् ते दोन एका जागी ठेवायचं मले नाही सुचलं. एवढे वर्षं शिकवून राह्यलो, मले नाही सुचलं! माह्या अंगणात, माह्या खडूनं, पाढे न येणारी पोट्टी पोटावर पडून काढते. म्हणून मी वा वा करतो. वा वा नाही केली त दुसरंच काही तोंडातून निघन." त्यांनी बशी खाली ठेवली. "तुले काय वाटते, आपल्या घरात तू एकलीच जळून राह्यली?"

मला रडू यायला हवं होतं. आलं हसू. आधी मला, मग त्यांना. "एकोणीसचा पाढा येत नाही तिले," मी म्हटलं. "सतराचाही नाही येत," बाबा म्हणाले, "मी विचारला होता मुद्दाम." "झोपेत तोंड उघडं ठेवते." "अन् चहा पेते त बैल पाणी पेल्यासारखी." "गाडी लागली तिले, माह्या चपलीवर ओकली." "ओकली? अरे वा!" बाबांनी मांडीवर थाप मारली. आम्ही दोघं बापलेक त्या स्टँडवर बसून तिची एकेक खोडी काढत होतो आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतो. समोरची बाई पोराला पाठीमागे घेऊन आमच्याकडे पाहत होती. पुसदची गाडी फलाटावर लागली, भरली, कंडक्टरने घंटी मारली, ती निघूनही गेली. आम्हाला ती दिसली फाटकातून बाहेर पडताना. "गेली!" बाबा म्हणाले, आणि पुन्हा हसायला लागले.

निमा पुढे खूप शिकली, लांब गेली. तिच्या कामातलं मला चार ओळींपलीकडे समजत नाही. मी पांढरकवड्याला मुलींना गणित शिकवलं, वर्ग पाठ करून घेतले, निवृत्त झाले. तिच्याबद्दल कुठे छापून आलं की माझं अजून तेच होतं. आधी जळणं, मग अभिमान. क्रम काही बदलला नाही. बाबा असेतोवर मी त्यांना फोन करून म्हणायची, "वाचलं का?" ते म्हणायचे, "वाचलं ना. मग?" एवढं पुरायचं.

त्या दिवशी पुढची गाडी मिळाली ती उभ्याने. दिग्रसपर्यंत बसायला जागा नव्हती, नंतर एक मिळाली, ती बाबांनी मला दिली. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आई दारातच उभी होती, हाताला पीठ लागलेलं.

"आले बाप्पा! एवढा वेळ? पोट्टी कशी हाय? राहील ना तिथं नीट? रडली त नाही?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे.

"चांगली हाय," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.